मटकीचं गाठोडं गरम का होतं?

रात्री भिजवलेली मटकी सकाळी उपसायची, फडक्यात बांधायची आणि डब्यात ठेवून द्यायची. दुसऱ्या दिवशी गाठ सोडलीत की मटकीच्या मधोमध बोट खुपसून पाहा. कोमट लागतं. मटकी चार माणसांपुरती असेल तर फरक थोडा जाणवेल, पण कार्यासाठी भिजवलेलं पाच किलोचं गाठोडं असेल तर हात आत घालताच ऊब कळते. बाहेर हवा गार असली तरी आत ऊब असते.

डबा शेगडीजवळ नव्हता, उन्हातही नव्हता. मग ही ऊब आली कुठून?

दहावीच्या मुलांना जीवनप्रक्रिया शिकवायची वेळ आली की मी पहिल्या दिवशी वर्गात हेच गाठोडं नेते. पोषण, श्वसन, वहन, उत्सर्जन ही नावं मुलांना पाठ असतात. व्याख्याही येतात, आकृत्याही काढता येतात. पण या चौघांचा एकमेकांशी संबंध काय, असं विचारलं की वर्ग शांत होतो. चार वेगळे धडे असल्यासारखी ती चार नावं डोक्यात राहतात. माझं म्हणणं असं की सगळा विषय त्या उबेत आहे. ती कुठून आली हे नीट कळलं की बाकीचं आपोआप जागेवर बसतं.

नाक नाही, तरी श्वसन

आधी एक गोंधळ दूर करू. श्वास घेणं आणि श्वसन या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मराठीत दोन्ही शब्द एकाच घरातले, त्यामुळे घोळ होतो आणि तो बारावीपर्यंत टिकतो. छाती वर-खाली होते, हवा आत जाते, बाहेर येते, हा श्वासोच्छ्वास. ती नुसती हवेची ने-आण. खरं श्वसन होतं प्रत्येक पेशीच्या आत. तिथे साखरेतून ऊर्जा काढली जाते. मटकीला ना नाक ना फुप्फुस, पण तिची प्रत्येक जिवंत पेशी श्वसन करते. तुमच्या पायाच्या करंगळीतली पेशीही करते, आणि तिच्याजवळपास नाक कुठेच नाही.

चुलीत लाकूड जळतं तेव्हा काय होतं? लाकडातला कार्बन आणि हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी जोडले जातात, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते, आणि उष्णता-उजेड बाहेर पडतो. पेशीतला हिशेब अगदी तोच आहे. ग्लुकोज आणि ऑक्सिजन आत, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी बाहेर, आणि वर ऊर्जा. फरक आहे तो रीतीत. साखर पेशीत भडकन जळली तर पेशीचा कोळसा होईल. म्हणून पेशी ती ऊर्जा टप्प्याटप्प्याने, जिना उतरावा तशी काढून घेते.

पहिला टप्पा पेशीद्रव्यात. सहा कार्बनचं ग्लुकोज तुटून तीन-तीन कार्बनचे पायरुविक आम्लाचे दोन रेणू होतात. यालाच ग्लायकोलायसिस म्हणतात. इथे ऑक्सिजन लागत नाही, आणि ऊर्जाही थोडीच मिळते. पुढचं काम पेशीतल्या तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रियात). तिथे पायरुविक आम्लातले कार्बन एकेक करून कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने सुटतात. आपण उच्छ्वासातून सोडतो तो कार्बन डायऑक्साइड हाच. उरलेला हायड्रोजन वाहक रेणूंच्या खांद्यावर बसून शेवटच्या टप्प्यावर, म्हणजे इलेक्ट्रॉन वहन साखळीवर पोचतो.

हा शेवटचा टप्पा मला फार आवडतो. कोयनेचं पाणी धरणात अडवतात, मग बोगद्यातून पोफळीला खाली उतरवून त्यावर टर्बाइन फिरवतात. तंतुकणिकेत नेमकं तसंच चालतं. साखळीतून इलेक्ट्रॉन पुढे सरकताना जी ऊर्जा सुटते, तिच्या जोरावर हायड्रोजनचे आयन आतल्या पटलाच्या एका बाजूला साठवले जातात, म्हणजे धरण भरतं. ते आयन एका प्रथिनातून परत उतरतात, आणि ते प्रथिन खरोखरच गोल फिरतं. त्या फिरण्यातून एटीपी, म्हणजे पेशीला लगेच वापरता येईल अशी ऊर्जा धरून ठेवणारा रेणू, तयार होतं. इतकं सूक्ष्म टर्बाइन, आणि ते मटकीत आहे, मुंगीत आहे, तुमच्या डोळ्याच्या पापणीत आहे.

मग ऑक्सिजनचं काम काय? तो साखळीच्या अगदी शेवटी उभा असतो. थकून आलेले इलेक्ट्रॉन आणि हायड्रोजन तो उचलून घेतो आणि त्यांचं पाणी करतो. हे वाक्य पुन्हा वाचा, कारण बहुतेक मुलांची समजूत उलटी असते. तुम्ही आत घेतलेल्या ऑक्सिजनचा कार्बन डायऑक्साइड होत नाही, त्याचं पाणी होतं. कार्बन डायऑक्साइड येतो तो अन्नाच्या मोडतोडीतून. शेवटी उभा असलेला हा ऑक्सिजन नसेल तर साखळी तुंबते. एसटी स्टँडवर गाड्या बाहेर पडायच्या थांबल्या की आतल्या गाड्यांना जागेवरून हलता येत नाही, तसं. काही मिनिटं हवा मिळाली नाही तर जीव जातो तो यामुळे.

एटीपी म्हणजे पेशीचे सुटे पैसे. ग्लुकोज ही मोठी नोट, ती घेऊन भाजी घ्यायला गेलं तर कोणी मोड देत नाही. स्नायू आखडायचा असेल, नवं प्रथिन जोडायचं असेल, मीठ पेशीबाहेर काढायचं असेल, तर सुटे लागतात. एका ग्लुकोजमागे किती एटीपी? शालेय पुस्तकांत बहुधा ३८ लिहिलेलं असतं, तो कागदावरचा जास्तीत जास्त आकडा. प्रत्यक्षात पेशीला ३० ते ३२ मिळतात असं आता मानलं जातं. परीक्षेत पुस्तकातला आकडा लिहा, पण हा फरक माहीत असू द्या. आणि एटीपी साठवून ठेवता येत नाही. थोडंसंच असतं, तेच मोडतं आणि तेच पुन्हा घडतं. दिवसभरात घडणाऱ्या सगळ्या एटीपीचं वजन केलं तर ते माणसाच्या स्वतःच्या वजनाच्या जवळपास भरेल.

आता उबेकडे या. ग्लुकोजमधली सगळी ऊर्जा एटीपीत उतरत नाही. निम्म्याहून जास्त ऊर्जा उष्णता होऊन निसटते. गाठोड्यातल्या हजारो दाण्यांची ही निसटलेली उष्णता फडक्याआड कोंडते आणि तुमच्या बोटाला लागते. स्वस्थ बसलेला माणूस साधारण ८० ते १०० वॉट उष्णता बाहेर टाकतो, जुन्या पिवळ्या बल्बएवढी. कार्यालयात तीनशे माणसं पंगतीला बसली की पंखे चालू असूनही हॉल का तापतो, हे आता लक्षात येईल.

आणि एक गंमत तपासून पाहण्यासारखी आहे. मोड आल्यावर मटकी फुगते, ताटभर दिसते, वजनही वाढतं. पण ते वाढलेलं वजन पाण्याचं. तीच मोड आलेली मटकी कडकडीत वाळवून तोलली तर मूळच्या कोरड्या मटकीपेक्षा थोडी कमी भरते. तो घटलेला भाग कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होऊन उडून गेलेला असतो. मोड म्हणजे आदिमूळ, आणि ते वाढवायला बीजपत्रांत साठवलेली शिदोरी खर्ची पडली.

पाणी उपसायचं कशासाठी

मटकी भिजल्यावर ती पाण्यातच राहू दिली तर? दीड दिवसात आंबूस वास मारतो, मोड येत नाहीत. आजीला कारण ठाऊक नसलं तरी पाणी उपसायला ती कधी चुकत नाही. पाण्यात बुडालेल्या दाण्याला ऑक्सिजन पुरत नाही. मग पेशी फक्त पहिल्या टप्प्यावर गुजराण करते. वनस्पती आणि यीस्ट पायरुविक आम्लाचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करतात. आपले स्नायू जोरात पळताना त्याचं लॅक्टिक आम्ल करतात. मिळकत किती? एका ग्लुकोजमागे जेमतेम २ एटीपी. तेवढ्यावर यीस्ट खुशाल जगतं आणि पावाचं पीठ फुगवतं, पण अंकुराला ते पुरत नाही.

शेतातही हेच. भरपूर पाऊस पडून गेल्यावर शेतकरी लगेच पेरत नाही, वाफसा येण्याची वाट पाहतो. वाफसा हा मला मराठीतल्या सगळ्यात अचूक शब्दांपैकी एक वाटतो. मातीच्या कणांमधल्या मोकळ्या जागेत ओलही आहे आणि हवाही आहे, अशी ती स्थिती. पाणी तुंबलं की त्या जागेतली हवा हाकलली जाते, मुळं गुदमरतात. मग शेत पाण्यात उभं असूनही तूर माना टाकते, पानं पिवळी पडतात. कारण मुळाला पाणी आणि क्षार आत ओढायलाही ऊर्जा लागते, आणि ऊर्जेला ऑक्सिजन लागतो.

कोकणात खाडीकाठी तिवराचं झाड पाहिलं असेल तर चिखलातून वर आलेल्या पेन्सिलीएवढ्या कांड्या आठवतील. बूड पसरलेलं, टोकं आभाळाकडे. ती झाडाची मुळं आहेत. खाडीच्या चिखलात ऑक्सिजन जवळजवळ नसतोच, म्हणून तिवराने मुळं वर काढली, आणि ओहोटीला ती हवा आत घेतात. त्यांना श्वसनमुळं म्हणतात. पायाखाली तुडवू नका.

डबा पोचवायचा कसा

मटकीचा दाणा बारीक आहे, तिथे हवा आरपार झिरपून पोचते. पण नारळाचं झाड वीस मीटर उंच असतं, माणूस पाच-साडेपाच फूट. आता प्रत्येक पेशीपर्यंत साखर आणि ऑक्सिजन नेणं हा प्रश्न उभा राहतो. वहन हा धडा इथून सुरू होतो.

झाडाला हृदय नाही. मुळांतलं पाणी शेंड्यापर्यंत चढतं ते मुख्यतः वरून ओढलं जातं म्हणून. पानांवरच्या पर्णरंध्रांतून पाण्याची वाफ निघून जाते, आणि गेलेल्या प्रत्येक रेणूमागे खालचा रेणू ओढला जातो, कारण पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. जलवाहिनीच्या ज्या पेशींतून हे पाणी चढतं त्या मेलेल्या, पोकळ नळ्या असतात. रसवाहिनी मात्र जिवंत. ती पानात तयार झालेली साखर जिथे गरज असेल तिथे पोचवते, खाली मुळाकडे, वर शेंड्याकडे, फळाकडे. उसाची गोडी पानात तयार होते आणि अशी उतरून कांड्यांत साठते. तोडल्यावरही उसाच्या पेशी काही काळ जिवंत असतात, त्यांचा खर्च चालूच राहतो, साखर मोडत जाते, जंतूही हात मारतात. तोडलेला ऊस फडात पडून राहिला की साखरेचा उतारा घटतो तो यापायी.

प्राण्यांनी निरनिराळ्या वाटा काढल्या. झुरळाच्या अंगावर दोन्ही बाजूंना मिळून श्वासरंध्रांच्या दहा जोड्या असतात. त्यांतून निघालेल्या नळ्या फाटे फुटत थेट पेशींपर्यंत जातात. ऑक्सिजन पोचवण्याचं काम त्याचं रक्त करतच नाही, म्हणून ते लाल नाही. गांडूळ ओल्या त्वचेतून ऑक्सिजन घेतं, त्वचा वाळली की संपलं. मासा कल्ल्यांवरून पाणी खेळवतो.

आपण दोन टप्पे केले. फुप्फुसांतल्या कोट्यवधी वायुकोशांशी ऑक्सिजन रक्तात उतरतो, आणि मिनिटाला साधारण ७२ ठोके टाकणारं हृदय ते रक्त अंगभर फिरवतं. आत घेतलेल्या हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के, बाहेर टाकलेल्या हवेत सुमारे १६. ऑक्सिजन वाहते तांबडी रक्तपेशी. तिच्यातल्या हिमोग्लोबिनचा एक रेणू ऑक्सिजनचे चार रेणू धरतो. तिच्याबद्दलची एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. तांबड्या रक्तपेशीत तंतुकणिका नसते. सुमारे १२० दिवसांच्या आयुष्यात ती ऑक्सिजन वाहत राहते, पण त्यातला स्वतःसाठी वापरत नाही. स्वतःचं भागवते पहिल्या टप्प्यातल्या त्या दोन एटीपीवर. मुंबईचा डबेवाला जसा दुसऱ्याचा डबा उघडत नाही, तशी.

पचन याच साखळीतलं आधीचं काम आहे. भाकरीतल्या पिठुळाचा (स्टार्चचा) रेणू इतका मोठा असतो की पेशीच्या दारातून आत जाऊ शकत नाही. लाळेपासून लहान आतड्यापर्यंतची विकरं (एन्झाइम) त्याचे तुकडे करत ग्लुकोजपर्यंत आणतात. मोड येताना मटकीही आपल्या बीजपत्रांतलं पिठूळ विकरांनीच मोडते. तिला तोंड आणि पोट लागत नाही, एवढाच फरक.

उत्सर्जन म्हणजे या सगळ्यातून उरलेल्या टाकाऊचा निकाल. कार्बन डायऑक्साइड फुप्फुसांवाटे जातो. प्रथिनं मोडल्यावर नायट्रोजन उरतो, तो विषारी. मासा अमोनिया करून पाण्यात सोडतो. आपण युरिया करून लघवीवाटे टाकतो. त्यासाठी वृक्कं, म्हणजे मूत्रपिंडं, दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीडएक लिटर सोडून बाकी सगळा परत घेतात. पालीच्या विष्ठेला पांढरं टोक असतं, ते युरिक आम्ल, पाणी वाचवण्याची तिची युक्ती. झाडांना असं वेगळं इंद्रिय नाही. काही टाकाऊ पदार्थ गळणाऱ्या पानांबरोबर जातात, काही डिंक होऊन बाहेर येतात, काही स्फटिक होऊन पेशीतच बसतात. कच्चं अळू घशाला खाजतं ते कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे.

झाड रात्री काय करतं

बीजपत्रांची शिदोरी काही दिवसांची. ती संपायच्या आत रोपाला हिरवं पान फुटलं पाहिजे, नाहीतर खेळ संपला. पान काय करतं? हरितलवकांत उन्हाच्या जोरावर पाण्याचे रेणू तोडतं. त्यातला ऑक्सिजन सोडून देतं, आणि हायड्रोजन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडला जोडून साखर घडवतं. वर सांगितलं की श्वसनात ऑक्सिजनचं पाणी होतं. इथे पाण्यातून ऑक्सिजन निघतो. तीच गोष्ट उलट्या दिशेने.

झाडाचं वजन मातीतून येतं असं शतकानुशतकं मानलं जायचं. व्हान हेल्मोंट यांनी कुंडीत २०० पौंड कोरडी माती घेऊन पाच पौंडांचं वाळुंजाचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड १६९ पौंडांचं झालं, माती घटली अवघी दोन औंस. हा प्रयोग त्यांच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये छापला गेला. त्यांनी निष्कर्ष काढला की झाड पाण्याचं बनतं. निम्मं बरोबर होतं. हवा त्यांच्या हिशेबातून निसटली.

१७७९ मध्ये यान इंगेनहाउझ यांनी पुढचं दाखवलं. झाडाचे हिरवे भागच आणि तेही फक्त उजेडात हवा शुद्ध करतात, अंधारात मात्र झाडही प्राण्यांसारखंच हवा खराब करतं. म्हणजे श्वसन. इथे आणखी एक चूक होते, आणि ती उत्तरपत्रिकांत मला दर वर्षी सापडते: झाडं दिवसा प्रकाशसंश्लेषण आणि रात्री श्वसन करतात. नाही. श्वसन चोवीस तास चालतं, दिवसाही. दिवसा प्रकाशसंश्लेषणाचा वेग इतका जास्त असतो की श्वसन झाकलं जातं, एवढंच.

पिंपळ रात्री ऑक्सिजन देतो असे मेसेज फिरतात. ऑक्सिजन सुटतो तो उजेडात पाणी तुटतं म्हणून, आणि अंधारात ते तुटत नाही, मग झाड कोणतंही असो. निवडुंग, घायपात, अननस ही रात्री पर्णरंध्रं उघडतात हे खरं, पण ती कार्बन डायऑक्साइड साठवण्यासाठी. ऑक्सिजन त्यांचाही उजाडल्यावरच. तसंच, रात्री झाडाखाली झोपलं तर कार्बन डायऑक्साइडने गुदमरू, हीही भीती नको. उघड्यावर तो तिथल्या तिथे पांगतो, आणि शेजारी झोपलेला भाऊ एका कुंडीतल्या रोपापेक्षा कितीतरी जास्त सोडतो.

बंद जागेत मात्र प्रश्न गंभीर होतो. ज्वारी साठवायला पूर्वी जमिनीत पेव खणायचे. कोरडा दाणाही जिवंत असतो, अगदी मंद गतीने श्वसन करतो. त्यात कीड आणि बुरशीची भर. महिनोन् महिने बंद राहिलेल्या पेवात ऑक्सिजन संपत येतो आणि कार्बन डायऑक्साइड साचतो. म्हणून पेव उघडल्यावर लगेच उतरायचं नाही, ते बराच वेळ उघडं ठेवायचं, आधी कंदील सोडून पाहायचा, अशी रीत होती. ज्योत विझली तर माणूसही आत टिकणार नाही, कारण दोघांनाही लागतो तो ऑक्सिजनच. मत्स्यशेती करणारेही हे ओळखून असतात. तळ्यातले मासे हवेसाठी वर येतात ते बहुधा पहाटे, कारण रात्रभर शेवाळासकट सगळ्यांनी ऑक्सिजन खर्च केलेला असतो आणि भर घालणारं ऊन अजून उगवलेलं नसतं.

आता घरी करून पाहा. दोन थर्मास घ्या. एकात नुकते मोड आलेली मटकी, दुसऱ्यात तितकीच मटकी उकळून गार केलेली. दोन्हींची तोंडं कापसाने बंद करा, कापसातून तापमापी आत सोडा, आणि दिवसातून दोनदा आकडे लिहा. दुसऱ्या दिवशी पहिल्या थर्मासचा पारा चढलेला दिसेल, उकळलेल्या मटकीचा जागेवर. जमलं तर बंद बरणीत मोड आलेल्या मटकीशेजारी चुन्याच्या निवळीची वाटीही ठेवा, कार्बन डायऑक्साइडमुळे ती दुधाळ होते.

दोन-तीन दिवसांनी मात्र उकळलेल्या मटकीचा पाराही हळूहळू चढू लागला तर प्रयोग चुकला असं समजू नका. थर्मास उघडून वास घ्या. मटकी मेलेलीच आहे, पण तिच्यावर जिवाणू आणि बुरशी येऊन बसली आहे, आणि त्यांचं श्वसन सुरू झालं आहे.